जुनी पिकअप, नवे इंजिन

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपतीसमोरच्या व्याख्यानात संतसाहित्य असते, इतिहास असतो, आरोग्य असते. आज विषय आहे मोटारींचा, त्यातही अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकचा. कार्यक्रमपत्रिका वाचून एक-दोन काकांनी मला विचारलेच की, याचा आपल्याशी संबंध काय? संबंध दोन आहेत. पहिला, ज्या शेव्हरोले कंपनीच्या गाडीबद्दल मी बोलणार आहे, तिची मालक जनरल मोटर्स. त्या कंपनीचा कारखाना १९९६ पासून २०१७ पर्यंत आपल्या हालोलला होता. वडोदऱ्यातल्या कितीतरी घरांतून सकाळी त्या कारखान्याची बस पकडली जात होती. दुसरा संबंध असा की, आपल्यापैकी काहींच्या आवारात आजोबांची जीप किंवा वडिलांची अँबेसडर ताडपत्रीखाली उभी आहे. तिचे काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या पुढच्या पिढीसमोर येणारच. त्या प्रश्नाचा सर्वांत जास्त विचार आणि सर्वांत जास्त भांडण अमेरिकेत झाले आहे. म्हणून तिकडचे उदाहरण घेतो.

पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. शेव्हरोलेची सी-१० ही अशीच गाडी. 'सी' म्हणजे फक्त मागची चाके ओढणारी आणि '१०' म्हणजे अर्ध्या टनाच्या वर्गातली. १९६७ ते १९७२ या सहा वर्षांत तिची जी पिढी निघाली, तिच्यावर आज हौशी लोकांचा सर्वांत जास्त जीव आहे. त्या काळी मात्र तिला कोणी जीव लावत नव्हते. शेतकऱ्याने तिच्यात गवताचे भारे टाकले, सुताराने लाकूड, नळवाल्याने पाइप. सजवलेल्या मोटारी लोकांनी जपून ठेवल्या आणि पिकअप वापरून संपवल्या. म्हणून चांगल्या अवस्थेत उरलेली पिकअप सापडली की आज तिचे कौतुक होते.

या गाडीत मूळचे इंजिन काय होते? बऱ्याच गाड्यांत एका ओळीत सहा सिलिंडर असलेले, २५० घन इंचांचे, म्हणजे साधारण ४.१ लिटरचे इंजिन. कागदावर १५५ अश्वशक्ती. हा आकडासुद्धा पंखा, सायलेन्सर वगैरे ओझे न लावता मोजलेला, कारण तेव्हाची पद्धतच तशी होती. काही गाड्यांत आठ सिलिंडरचे व्ही-८ होते. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढे जाण्याचे गिअर बहुधा तीनच. १९७१ साली पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, त्याआधी चारी चाकांना ड्रम. आणि पेट्रोलची टाकी कुठे? केबिनच्या आत, बसण्याच्या बाकामागे! ड्रायव्हरच्या पाठीशी सुमारे ७५ लिटर पेट्रोल. आज हे ऐकून अंगावर काटा येतो, पण तेव्हा ती नेहमीची गोष्ट होती.

आता अशी गाडी कोणी विकत घेतो, गंज काढतो, पत्रा सरळ करतो, मूळ रंग देतो. गाडी दिमाखात उभी राहते. ती घेऊन हायवेवर जातो तेव्हा लक्षात येते की, शेजारून जाणाऱ्या गाड्या ११० च्या वेगाने पळत आहेत आणि आपले इंजिन ओरडत आहे. थंडीत चोक ओढूनही ते लवकर चालू होत नाही. कार्बोरेटर सतत साफ करायचा, पॉइंट घासायचे, पेट्रोल प्यायला तर हत्ती. मग विचार येतो, बाहेरून सगळे जुने ठेवावे आणि आत नव्या जमान्याचे इंजिन बसवावे. अशा गाडीला तिकडे 'रेस्टोमॉड' म्हणतात. रेस्टोरेशन आणि मॉडिफिकेशन या दोन शब्दांची ती जोड आहे.

सी-१० मध्ये बहुतेक जण एकाच घराण्याचे इंजिन बसवतात. त्याला 'एलएस' म्हणतात. १९५५ साली शेव्हरोलेने आटोपशीर आकाराचे व्ही-८ इंजिन आणले. पुढे १९९७ साली कॉर्व्हेट या स्पोर्ट्स मोटारीसाठी त्यांनी ते नव्याने आखले. त्याचे नाव एलएस-१: ५.७ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ अश्वशक्ती. सगळे नवे असले तरी शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतले अंतर १९५५ चेच ठेवले, ४.४ इंच. म्हणून इंजिनाची लांबी वाढली नाही. १९९९ पासून याच घराण्याची ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिने कंपनीने आपल्या नव्या पिकअपमध्ये घातली. ती लाखोंनी बनली. अपघातात गाडी मोडली तरी इंजिन शाबूत राहते, आणि भंगारवाल्याकडे ते मिळते. ५.३ लिटरचे साधे, लोखंडी ब्लॉकचे इंजिनसुद्धा २८५ अश्वशक्ती देते, आणि हा आकडा सगळे ओझे लावून मोजलेला आहे.

आणखी एक कारण आहे. आजकालच्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट डोक्यावर असतात, त्यामुळे इंजिन रुंद आणि उंच होते. एलएसमध्ये एकच कॅमशाफ्ट आहे आणि तो ब्लॉकच्या पोटात बसलेला आहे. म्हणून एवढी ताकद असूनही इंजिन लहान दिसते आणि जुन्या बॉनेटखाली सहज मावते. डिस्ट्रिब्युटर नाही; प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल. पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा, हे कॉम्प्युटर ठरवतो.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. साखळीच्या कप्पीने जुने इंजिन उचलले, नवे ठेवले, झाले. खरे काम इथून पुढे सुरू होते, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभाही हाच आहे. गाडीत इंजिन एकटे राहत नाही. त्याला बारा ठिकाणी नाती असतात. एक नाते बदलले की बाकीच्यांना आपापली जागा बदलावी लागते.

सुरुवात बैठकीपासून. नव्या इंजिनाचे पाय वेगळ्या जागी आहेत, म्हणून मध्ये पोलादी पट्ट्या घालाव्या लागतात. खाली ऑइल चेंबर बघा. नव्या ट्रकच्या इंजिनाचे चेंबर खोल असते आणि ते सी-१० च्या चासीच्या आडव्या पट्टीला अडते. मग उथळ चेंबर घ्यायचे. एक्झॉस्टचे पाइप स्टिअरिंग बॉक्सला घासतात, तेही वेगळे करायचे. आणि याच वेळी चासी उघडी असताना स्टिअरिंग बॉक्सजवळ तडा आहे का, हे दिवा धरून बघायचे. जुन्या चासीवर दुप्पट ताकद लादण्याआधी तिची तब्येत तपासलेली बरी.

मग गिअरबॉक्स. नव्या इंजिनासोबत सहसा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स येतो आणि त्याचा वरचा गिअर 'ओव्हरड्राइव्ह' असतो, म्हणजे ०.७० चा. याचा फायदा हिशेबाने सांगतो. समजा मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण ३.७३ आहे आणि टायरची उंची २८ इंच. ताशी ११० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ८२० फेरे घेते. जुन्या गाडीत वरचा गिअर सरळ असल्यामुळे इंजिन मिनिटाला ३०६० फेरे घेणार. ओव्हरड्राइव्हमध्ये तेच काम सुमारे २१४० फेऱ्यांत होते. वेग तोच, पण इंजिनाची धाप तीस टक्क्यांनी कमी. आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही कमी. मी तर म्हणेन, जास्तीच्या अश्वशक्तीपेक्षा हा एक गिअर मालकाला जास्त सुख देतो. मात्र बॉक्सची लांबी वेगळी असल्याने मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून, तोलून घ्यावा लागतो.

आता पेट्रोल. कार्बोरेटरला पेट्रोल ५-६ पौंड दाबाने मिळाले तरी पुरते. नव्या इंजिनाच्या इंजेक्टरना ५८ पौंड दाब लागतो, म्हणजे जवळजवळ दहापट. जुनी रबरी नळी हा दाब सोसणार नाही. ती फुटली तर गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडेल. म्हणून नवा पंप, नव्या नळ्या, नवा फिल्टर, दाब राखणारा नियंत्रक. आणि जाणकार लोक याच वेळी ती बाकामागची टाकी काढून मागे, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवतात. इंजिन बदलायला निघालेला माणूस टाकीपर्यंत पोचतो तो असा.

वायरिंगचे उदाहरण आपल्या घरचेच देतो. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात एसी बसवायचा म्हटला, तर इलेक्ट्रिशियन आधी काय विचारतो? "वायरिंग कधीचे आहे?" अगदी तसेच. जुन्या गाडीचा आल्टरनेटर ४० अँपिअरच्या आतबाहेरचा. नव्या इंजिनाला कॉम्प्युटर, आठ कॉइल, आठ इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि वर विजेचे पंखे. शंभराच्या वर अँपिअरची तयारी ठेवावी लागते. आणि इथे सर्वांना छळणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. गाडीला छान रंग दिलेला असतो, आणि रंगातून वीज वाहत नाही. इंजिन, चासी आणि केबिन यांना जोडणाऱ्या जाड अर्थिंगच्या पट्ट्या उघड्या लोखंडावर घट्ट बसवल्या नाहीत, तर सेन्सर कॉम्प्युटरला भलतेच सांगू लागतात. गाडी मध्येच अडखळते आणि मालक महाग सुटे भाग बदलत बसतो. दोष असतो एका बोल्टखालच्या रंगात.

थंडाव्याचे गणित समजायला अमेरिकेला जायला नको. आपली विसर्जनाची मिरवणूक आठवा. टेम्पो पायी चालणाऱ्यांच्या वेगाने सरकतो, समोरून वारा लागत नाही, इंजिन मात्र चालूच. कुणीतरी रेडिएटरवर पाणी ओततोच. जुन्या गाडीत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो; इंजिन हळू, तर पंखाही हळू. विजेचा पंखा इंजिन कितीही हळू फिरले तरी पूर्ण वेगाने फिरतो. म्हणून इंजिनासोबत रेडिएटर आणि पंखाही नवा घेतात. एलएसमध्ये एक बारीक नळी असते. ती हेडमध्ये अडकलेले वाफेचे बुडबुडे बाहेर काढते. काही जण ती फालतू समजून बंद करतात. मग हेडच्या एका कोपऱ्यात पाणी पोचत नाही आणि चांगले इंजिन खराब होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ब्रेक. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० च्या वेगाऐवजी ११० ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना जवळजवळ १.९ पट ऊर्जा जिरवावी लागते. ड्रम ब्रेक तापले की पकड कमी होते. म्हणजे जुने ब्रेक ठेवून नवे इंजिन बसवले, तर गाडी पळेल पण थांबणार नाही. तिकडच्या चांगल्या कारागिरांचा क्रम म्हणूनच उलटा असतो: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, मग इंजिन. माझ्या मते हौशी माणूस आणि जाणता माणूस यांच्यातला फरक याच क्रमात दिसतो. इंजिन बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवता येते. ब्रेक दाखवता येत नाहीत, पण घरी सुखरूप तेच आणतात.

आता भांडणाकडे येतो. एक पक्ष म्हणतो, जुनी गाडी म्हणजे दस्तऐवज. इंजिनावरचा क्रमांक आणि चासीचा क्रमांक कारखान्यातून निघाला तसाच जुळला पाहिजे. जुन्या इंजिनाचा आवाज, पेट्रोलचा वास, गिअर टाकतानाचा खडखडाट, हे सगळे मिळून ती गाडी. हे काढले की उरतो नुसता पत्रा. दुसरा पक्ष म्हणतो, पिकअप ही कामाची गाडी होती, तिच्या हयातीतच मालकांनी तिच्यात दहा बदल केले. ती शोकेसमध्ये ठेवण्यापेक्षा रोज चालली तर तिचा मान राहतो.

दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण वेगवेगळ्या गाड्यांबद्दल. ज्या गाडीत मूळ इंजिन, मूळ रंग, मूळ कागद सगळे टिकले आहे, अशी गाडी फार थोडी उरली आहे. तिला हात लावू नये. ती एकदा बदलली की पुन्हा मूळ होत नाही. पण जिचे इंजिन कधीच हरवले आहे, जिचा हौदा दुसऱ्याच गाडीचा आहे, तिच्यात नवे इंजिन घालून तिला चालती ठेवणे हे पुण्याचे काम. मधल्या गाड्यांसाठी एक चांगला नियम तिकडे पाळतात. कापायचे नाही, जोडायचे. शक्यतो बोल्टने बसणारे भाग वापरायचे, चासीला गॅस कटर लावायचा नाही, आणि निघालेले मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात जपायचे. उद्या नातवाला वाटले, तर त्याला परत जाता आले पाहिजे.

कायद्याने काय म्हटले आहे? कॅलिफोर्नियाचा नियम बघण्यासारखा आहे. बदललेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे, आणि त्या इंजिनाची धूर आटोक्यात ठेवणारी सगळी साधने सोबत बसवावीत. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना तिथे धूरतपासणीतून सूट आहे. तरी माझे मत असे की, सूट असली तरी कन्व्हर्टर बसवावा. जुन्या गाडीचे प्रेम शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर का काढायचे?

मोटार कंपन्या स्वतःही या खेळात उतरल्या आहेत. २०१९ साली लास व्हेगासच्या सेमा प्रदर्शनात शेव्हरोलेने १९६२ ची सी-१० आणली, तिच्यात पेट्रोल इंजिनच नव्हते, दोन विजेच्या मोटर होत्या. २०२१ साली फोर्डने त्याच प्रदर्शनात १९७८ ची एफ-१०० अशाच दोन मोटर घालून ठेवली, ४८० अश्वशक्तीची. तिथे आवाजही गेला. आता ती जुनी गाडी म्हणायची की नवी, हे ज्याने त्याने ठरवावे.

शेवटी आपल्या घरी येऊ. इंजिन बदलणे आपल्याला नवे नाही. पेट्रोल महागले तेव्हा कितीतरी जीप आणि अँबेसडरमध्ये डिझेल इंजिने बसली. मॅटाडोरचे इंजिन त्यासाठी फार लोकप्रिय होते. खुद्द अँबेसडरच्या कारखान्यानेही हेच केले. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या १९५० च्या दशकातल्या बॉडीत १४८९ सीसीचे ब्रिटिश इंजिन होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जपानी इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि सोबत पाच गिअरचा बॉक्सही. चेहरा तोच राहिला. त्याच चेहऱ्याने ती २०१४ पर्यंत बनत होती.

मात्र आज कायदा कडक आहे, हे तरुण मंडळींनी नीट ऐकावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीवर बोट ठेवले. इंजिनाचा क्रमांक आणि इंधन आरसी बुकात लिहिलेले असते. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओत जाऊन काय मान्य होईल ते विचारावे, आणि मग गॅरेजचा रस्ता धरावा. कागद न बदललेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याची भांडणे वेगळीच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी खास नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या खुणेनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठी बाहेर काढता येते. आणि अट अशी की, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आजोबांच्या गाडीत हौसेने नवे इंजिन घातले, तर त्याच दिवशी हा मान गेला. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा जो मोठा सोहळा झाला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला. तिथे लोक कशासमोर थांबत होते ते आठवा.

म्हणून ताडपत्री काढण्याआधी तीन प्रश्न घरात एकत्र बसून विचारा. गाडीत मूळचे किती उरले आहे? आपल्याला ती बघायची आहे की चालवायची? आणि चालवायची असेल, तर ब्रेकपासून अर्थिंगपर्यंत सगळा खर्च करायची तयारी आहे का? उत्तर 'मूळचे बरेच आहे' असे आले, तर इंजिन आहे तेच बांधून घ्या; जुने बोअर करणारे, बेअरिंग बसवणारे हात अजून या शहरात आहेत, उद्या असतीलच असे नाही. उत्तर दुसरे आले, तर कागदपत्रे आधी, ब्रेक नंतर आणि इंजिन शेवटी.

आपली घराणी इथे पिढ्यान्पिढ्या राहिली. आपणही घरात पुष्कळ काही बदलले. बोलण्यात गुजराती शब्द आले, ताटात फाफडा आला, पण आरती तीच म्हणतो. काय बदलायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याचा सराव आपल्याला आहे. तोच शहाणपणा आवारातल्या गाडीलाही दाखवू या.

विसर्जनाच्या टेम्पोत पाण्याचा एक कॅन जास्त ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!